शोवाची नोंद: मे ते डिसेंबर

टाकीत तीन शोवा (काळा-लाल-पांढरा अशा तीन रंगांचे जपानी कोई मासे), तिन्ही दुसऱ्या वर्षातले. मे महिन्यात पाणी 30 अंशांवर होतं आणि तिघांचाही काळा रंग राखाडी पडला होता. डिसेंबरात पाणी 20 अंशांवर आलं, तसा क्र. 1 च्या खांद्यावरचा काळा लाखेसारखा चकचकीत झाला. क्र. 2 चा अजून कातडीखालीच आहे, निळसर सावलीसारखा दिसतो. या खालच्या सावलीला जपानी हौशी 'साशी' म्हणतात. ती दिसते म्हणजे तिथे काळा (सुमी) वर यायचा आहे. असा मासा 'फिका' म्हणून देऊन टाकणं ही शोवातली सर्वांत महागडी चूक.

काळा असा का वागतो, ते या जातीच्या इतिहासात आहे. 1927 साली जपानच्या निइगाता प्रांतात जुकिची होशिनो यांनी कि उत्सुरी (काळा-पिवळा) आणि कोहाकु (पांढरा-लाल) यांचा संकर केला. शोवा युग (सम्राट हिरोहितो यांचा काळ) नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून नाव शोवा सानशोकु, म्हणजे शोवा काळातला तिरंगी. सुरुवातीच्या माशांतला लाल पिवळट-नारिंगी होता. 1960च्या दशकात तोमिजी कोबायाशी यांनी पुन्हा कोहाकु आणि सांके (कोईची दुसरी तिरंगी जात) मिसळून लाल गडद केला. पण पाया उत्सुरीचाच राहिला: अंगभर काळा आणि त्यावर लाल-पांढरा. म्हणूनच शोवाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा काळपट असतात, आणि पहिली निवड काही दिवसांतच करून फिकी पिल्लं काढून टाकतात. सांकेमध्ये उलट: पांढऱ्यावर लाल, वर काळ्याचे ठिपके.

दोन्ही जाती शेजारी ठेवल्या की डोकं बघावं. सांकेच्या डोक्यावर काळा नसतो. शोवाच्या डोक्यावर तो हवाच, आणि कपाळ चिरत गेलेली तिरकी रेघ ('मेनवारे') असेल तर उत्तमच. शोवाचा काळा पाठीवरून बाजूच्या रेषेखाली पोटाकडे उतरतो. छातीजवळच्या परांच्या मुळाशी काळा गोळा ('मोतोगुरो') असतो; सांकेच्या परांत रेघा असतात. क्र. 3 चा उजवा पर लहानपणी संपूर्ण काळा होता. आता काळा आकसून मुळाशी येतोय, हे चांगलं लक्षण.

आजकाल पांढरा जास्त असलेला 'किंदाई शोवा' अधिक खपतो. जुन्या पद्धतीच्या माशात पांढरा जेमतेम पाचवा हिस्सा असायचा. ज्याला शोवाचा भारदस्तपणा बघायचा आहे, त्याने जुना प्रकारच घ्यावा, असं आमचं ठाम मत.

पाण्याबद्दल: जड पाण्यात काळा घट्ट होतो, असा बहुतेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे, आणि महाराष्ट्रात बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. मात्र पीएच 8.5 च्या वर आणि पाणी गरम असेल तर थोडा अमोनियाही जास्त विषारी ठरतो. म्हणून उन्हाळ्यात खाणं कमी, हवेचा पंप रात्रभर चालू. 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलीग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, 20 अंशांवर नऊच्या आसपास. नळाचं पाणी भरताना क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने मारावं.

फिकट निळ्या फायबरच्या टाकीत काळा फिका पडलेला दिसतो, कारण मासा पार्श्वभूमीप्रमाणे रंग जुळवतो. तुलनेसाठी फोटो नेहमी त्याच टबमध्ये, त्याच उजेडात, मासा टबात घेतल्यावर लगेच काढावा. स्पिरुलिना (रंग खुलवायला खाण्यात देतात ते शेवाळ) वर्षभर दिली की पांढरा पिवळसर होतो. या तिघांना ती थंडीआधी बंद केली आहे.

लालावर उठलेले बारीक काळे ठिपके ('शिमी') सुमी समजू नयेत. त्यांचा पट्टा कधी होत नाही. क्र. 2 च्या डाव्या बाजूला असे दोन आहेत. पुढची मोजणी आणि फोटो मार्चमध्ये, पाणी तापायच्या आधी.