तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारने दुसरं रॉकेट कशाला सांभाळायचं?

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘एखादी कंपनी स्वस्तात उपग्रह सोडून देते, मग सरकारने जादा पैसे मोजून आणखी एक रॉकेट कशाला पोसायचं?’ तोवर वेळ संपत आलेली असते आणि उत्तर अर्धवट राहतं. आज सविस्तर देतो.

मला आधी एक छत्री आठवते. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटलेला होता, 18 काड्यांचा. एप्रिल 1991 मध्ये तो उघडायची आज्ञा गेली आणि काही काड्या मधल्या दांड्याला चिकटूनच राहिल्या. सूर्याकडे वळवून तापवून पाहिलं, सावलीत गार करून पाहिलं, मोटरला हजारो हिसके दिले. छत्री काही उघडली नाही. सेकंदाला 1,34,000 बिट यायचे होते, तिथे छोट्या अँटेनातून फार तर 160 येऊ लागले.

काड्या का अडकल्या? तपासात सर्वात संभाव्य कारण निघालं ते असं: खाचेत बसणाऱ्या पिनांवरचं कोरडं वंगण ट्रकच्या लांबलचक खेपांमध्ये घासून गेलं होतं. आणि या खेपा का पडल्या? 1982 च्या धोरणाने अमेरिकी सरकारी उपग्रहांसाठी शटल, म्हणजे अंतराळवीरांना घेऊन जाऊन विमानासारखं परत उतरणारं यान, हेच मुख्य वाहन ठरवलं होतं, जुनी रॉकेटं गुंडाळायला घेतली होती. जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि शटलची उड्डाणं 32 महिने बंद पडली. त्याच वर्षी मे महिन्यात शटलमधूनच निघायचं असलेलं गॅलिलिओ फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला परत गेलं, पुन्हा फ्लोरिडाला आलं आणि ऑक्टोबर 1989 मध्ये उडालं. एकाच वाहनावर भिस्त ठेवल्याची किंमत गुरूपाशी चुकवावी लागली. त्या तुटपुंज्या बिटांतून शास्त्रज्ञांनी जे काढलं त्याला तोड नाही, पण जे कधी आलंच नाही त्याची हळहळ मला आजही वाटते.

कंपन्यांकडून उड्डाण विकत घ्यायला माझा विरोध नाही. ठरलेल्या किमतीचं कंत्राट मला तर जास्त पटतं, खर्च वाढला तर तो कंपनी सोसते. पण कंपन्या दोन हव्यात. 2014 मध्ये नासाने अंतराळवीर नेण्याचं काम बोईंगला 4.2 अब्ज डॉलरला आणि स्पेसएक्सला 2.6 अब्ज डॉलरला दिलं. एकीलाच द्या, असा दबाव त्याआधी अमेरिकी संसदेतून आला होता. जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोईंगच्या स्टारलायनरमधून गेले. यानात बिघाड निघाले, ते सप्टेंबरमध्ये रिकामंच उतरवलं. ते दोघे मार्च 2025 मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून सुखरूप परतले.

आणि ‘परदेशी रॉकेट आहेच की’ म्हणणाऱ्यांसाठी युरोपचं उदाहरण. 2022 मध्ये युद्धामुळे रशियाचं सोयूझ हातचं गेलं, युरोपचं स्वतःचं छोटं रॉकेट व्हेगा-सी डिसेंबरमध्ये अपयशी ठरलं, मोठं रॉकेट एरियन 5 जुलै 2023 मध्ये निवृत्त झालं. त्याच्या जागी येणारं एरियन 6 पहिल्यांदा उडालं ते जुलै 2024 मध्ये. मधल्या वर्षभरात युरोपकडे स्वतःचं मोठं रॉकेट नव्हतं. सोयूझवरून जाणारी युरोपची युक्लिड अंतराळ दुर्बीण स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटवरून पाठवावी लागली.

म्हणून दुसऱ्या रॉकेटसाठी दरवर्षी ठरावीक उड्डाणं सरकारने आधीच राखून ठेवावीत, असं मी म्हणतो. नुसतं गोदामात ठेवलेलं रॉकेट उपयोगाचं नाही. ते जोडणारे हात दुसऱ्या कामाला लागले, की ते पुन्हा उडवायला वर्षं जातात.