ट्यूबलाइटमागची पाल आणि तिचं गणगोत

आमच्या सांगलीच्या घरात ट्यूबलाइटमागं एक पाल राहते. महिन्यापूर्वी मी खिडकी जोरात लावली आणि तिचं शेपूट अडकून तुटलं. खाली पडलेला तो तुकडा चांगला मिनिटभर फरशीवर वळवळत होता, मी खुर्चीवर चढलेलो आणि पाल कधीच पडद्यामागं पसार. नंतर वाचलं तर कळलं की शत्रूचं लक्ष तिकडं लागावं म्हणून ती स्वतःच शेपूट तोडते. नवं येतं, पण त्यात हाड नसतं, नुसती कूर्चा.

तेव्हापासून रोज रात्री बघत बसतो तिच्याकडं. तिला पापण्या नाहीत, मग डोळा साफ कसा करायचा, तर जिभेनं चाटून! भिंतीला चिकटते ती काही डिंकानं नव्हे, बोटांखाली इतके बारीक केस असतात की साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यांच्यावर सगळा खेळ.

खरी गंमत वाटते ती हिच्या नातेवाइकांची. खानदान एकच, मान मात्र वेगवेगळा. कासवाचं बघा, शंकराच्या देवळात नंदीपुढं थाटात बसलंय, आपण वाकून नमस्कार करतो. (त्याची ढाल म्हणजे बरगड्याच वाढून झालेली, त्यामुळं कार्टूनमधल्यासारखं ते अंगरखा काढून बाहेर येऊच शकत नाही.) नाग तर देवच, बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पूजायचे, मग कोर्टानं बंदी घातली. आणि बिचारी सापसुरळी! अंग चकचकीत, पाय एवढेसे, चावली की माणूस वाचत नाही म्हणे. तिला विषच नसतं, तरी पहिला झाडू तिलाच. मांडूळ त्याहून कमनशिबी, शेपूट बोथट म्हणून लोकांनी त्याला दोन तोंडं दिली आणि गुप्तधनाच्या नादात पोत्यात घातलं.

मगरीला मान नाही, पण वचक आहे. हिवाळ्यात भिलवडी-औदुंबरकडं कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात, आ वासून. माणसं म्हणतात दबा धरलाय, ती मात्र तोंड उघडं ठेवून जास्तीची उष्णता बाहेर टाकत असते, कारण अंगात स्वतःची शेगडी नाही, सगळं उन्हावर. पिल्लं नर निघणार की मादी हेसुद्धा घरट्यातल्या तापमानावर ठरतं, हे मला अजून पचलेलं नाही. पुलावर दोन माणसं उभी राहिली की मगर पंधरा फुटांची होते, तिसरा आला की वीस.

काल जेवताना पाल चुकचुकली. आज्जीनं लगेच बोटानं जमिनीवर टकटक केलं, "कृष्ण कृष्ण." मी म्हटलं, आज्जी बघ, शेपूट आलं परत, रंग जरा वेगळाय, बुंध्याला जाड झालंय. तिनं चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाली, "ही दुसरीच असंल. भात वाढू का?"