होप स्ट्रीटवरचं ब्रिस्टल

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्सहून ब्रिस्टल गाव गाडीने जेमतेम अर्धा तास. गावात शिरलं की रस्त्याच्या मधोमध नेहमीच्या पिवळ्या रेघांऐवजी लाल-पांढरा-निळा पट्टा लागतो. १७८५ पासून इथे ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, सोहळा होतो, त्याची ही हौस. रस्त्याचं नाव होप स्ट्रीट. आम्ही आलो होतो बोटी बघायला. नवऱ्याला शिडाच्या होड्यांचं वेड, आणि इथल्या हेरशॉफ यार्डात बांधलेल्या बोटींनी शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतला अमेरिकाज कप कितीदा राखला हे वाटेत दोनदा सांगून झालं होतं.

बोटींचं संग्रहालय उघडायला वेळ होता, म्हणून लिंडन प्लेसमध्ये शिरलो. उंच पांढरे खांब, डौलदार जिना. जॉर्ज डिवुल्फने १८१० मध्ये बांधलेला वाडा. पैसा गुलामांच्या व्यापाराचा. या घराण्याने दहा हजारांहून जास्त आफ्रिकन माणसं समुद्रापार नेऊन विकली. इथून रम भरून जहाज आफ्रिकेला जायचं, तिथून माणसं क्यूबाला नाहीतर चार्ल्सटनला, क्यूबाची काकवी परत इथे, आणि तिची पुन्हा रम.

पण जहाज काही एकटा मालक बांधत नाही. सुतार, लोहार, शिडं शिवणारे, रमची पिंपं बांधणारे, फटींत दोर कोंबून डांबर भरणारे, सगळ्यांची चूल त्यावर. १८२५ मध्ये जॉर्जचं दिवाळं निघालं आणि तो क्यूबाला पळाला, तेव्हा अख्खं गाव त्याच्यासोबत बुडालं. म्हणतात, लोकांनी वाड्यातलं सामानसुमानही उचलून नेलं.

कायदा नव्हता असं नाही. ऱ्होड आयलंडने १७८७ मध्येच हा व्यापार बेकायदा ठरवला होता. १७९९ मध्ये डिवुल्फांचं ‘लूसी’ जहाज जप्त होऊन लिलावात निघालं. एरवी मालकच मातीमोल भावात आपलं जहाज सोडवून न्यायचा. म्हणून या वेळी सरकारतर्फे बोली लावायला बंदराचा अधिकारी सॅम्युअल बॉसवर्थ निघाला. तोंडं रंगवून वेशांतर केलेल्या माणसांनी त्याला वाटेतच उचललं, होडीत घातलं आणि लांब किनाऱ्यावर सोडून दिलं. लिलाव त्याच्याविना उरकला. हे वाचून मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. १८०४ मध्ये तर इथला जकात अधिकारी म्हणून डिवुल्फांचा सोयराच नेमला गेला.

संग्रहालयात लाकडाच्या देखण्या बोटी. यार्ड उभं करणाऱ्या दोन भावांतला थोरला पोरवयातच आंधळा झालेला. हाताने चाचपून बोटीचा घाट ठरवायचा. त्याचं नाव जॉन ब्राउन हेरशॉफ. जॉन ब्राउन हे पणजोबांचं नाव. प्रॉव्हिडन्सचा हा बडा व्यापारी, ‘लूसी’च्या लिलावाच्या आदल्या दिवशी बॉसवर्थच्या घरी जाऊन ‘बोली लावू नकोस’ म्हणून समजावणाऱ्यांतला एक. १७९७ मध्ये त्याच्यावरही गुलामांच्या व्यापारापायी खटला झाला होता, जहाज जप्त झालं होतं. जहाजाचं नाव ‘होप’.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो एका बोटीच्या तळाला हात लावून उभा होता. हात त्याने काढला नाही, पण पुढचा अर्धा तास अमेरिकाज कपबद्दल काही बोललाही नाही.