तुम्ही विचारलंत म्हणून: क्लोन म्हातारा होतो का?

मी ओंटारियोत एका लायसन्सवाल्या कॅनबिस (गांजा) ग्रीनहाऊसमध्ये प्रॉपगेशनला आहे, म्हणजे मदर प्लँट सांभाळायचे आणि त्यांची कटिंग काढून हुबेहूब तशीच रोपं, म्हणजे क्लोन, तयार करायची हे माझं रोजचं काम, आणि हे कळलं की ओळखीतली माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात. बहुतेक जण बेसमेंटमध्ये झाडं वाढवायचा टेंट लावून घरापुरती झाडं ठेवणारे असतात (इथे 2018 पासून घरटी चार झाडं चालतात, भारतात मात्र 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली बिनपरवाना लागवड गुन्हा आहे, हे तिकडून वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा). प्रश्न असा, "ताई, तीच व्हरायटी, तीच लाइट, तेच खत, दोन-तीन वर्षं मस्त चाललं होतं, आता कटिंग मुळं धरत नाहीत, वाढ खुंटलीये, फूल हलकं येतं. क्लोनचा क्लोन करत गेलं की वाण म्हातारा होतो ना?"

नाही होत. निदान तुम्हाला वाटतं तसा तर नाहीच. देवगडचा हापूस बघा की, कितीतरी पिढ्या कलमावर कलम चाललंय, म्हणजे तोही क्लोनच, आणि त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही. जुन्या झाडात पेशी विभागताना बारीकसारीक म्युटेशन साठतात हे खरं आहे, इथल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या लोकांनी एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या फांद्यांमध्ये असा फरक मोजून दाखवलाय, पण वर्षा-दोन वर्षांत अख्खं झाड बसावं एवढा दोष मी तरी त्यावर टाकणार नाही. झाडाचा स्वभाव तोच राहतो, त्याच्या आत दुसरं कोणीतरी येऊन बसलेलं असतं आणि प्रत्येक कटिंगबरोबर ते पुढच्या कुंडीत जातं.

माझं माहेर सांगलीकडचं, घरी ऊस, त्यामुळे हे मला फार लवकर पटलं. आपल्याकडे कोणीही शेतकरी सांगेल की घरचंच बेणं वर्षानुवर्षं लावलं की उतारा घसरतो, खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) गवताळ वाढीचा रोग दिसायला लागतो, म्हणून तीन-चार वर्षांनी बेणं बदलायचं. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी बेणेमळ्याची साखळी त्याचसाठी आहे. वाण तोच असतो, उसाचा 86032 म्हणजे 86032च, बदलायचं असतं ते रोग साठलेलं बेणं.

कॅनबिसमध्ये हा साठणारा रोग बहुतेक वेळा हॉप लेटंट व्हायरॉइड असतो. व्हायरॉइड म्हणजे व्हायरसपेक्षाही साधी गोष्ट, आरएनएचं एक उघडं कडं, त्याला प्रोटीनचं कवच नाही आणि ते स्वतःचं एकही प्रोटीन बनवत नाही. याचं कडं जेमतेम 256 अक्षरांचं आहे. हॉप्समध्ये तो गुपचूप बसलेला असायचा म्हणून नावात लेटंट, 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आजारी कॅनबिसमध्ये सापडला आणि मग सगळ्यांना कळलं की ज्याला इतके दिवस नुसतं डडिंग, म्हणजे झाड फुकट जाणं, म्हणत होते त्यामागे हा आहे. वाईट एवढंच की मदर प्लँट कित्येक महिने हिरवागार दिसू शकतो आणि सगळा भुर्दंड फुलाच्या वेळी बसतो, तेलाचं प्रमाण निम्म्यापर्यंत घसरल्याच्या नोंदी आहेत.

संशय आला की मी फांदी हातात घेऊन हळू वाकवते. निरोगी कोवळी फांदी लवते, आजारी फांदी पेरापाशी काकडीसारखी कट्कन मोडते. मग दिसतं की फांद्या वर जायच्या ऐवजी आडव्या पसरल्यात, पेरं जवळजवळ आलीत, पानं लहान, आणि शेजारच्या कुंडीतलं त्याच दिवशी लावलेलं रोप याच्या दीडपट झालंय. पण नुसत्या नजरेवर निकाल देऊ नका, कारण असंच दिसायला दुसरी कारणंही आहेत आणि ती स्वस्तात तपासता येतात, आधी तीच तपासा.

पहिलं म्हणजे कुंडी उलटी करून मुळं बघा. वर्षभर त्याच कुंडीत ठेवलेल्या मदरची मुळं गोल गोल गुंडाळून घट्ट झालेली असतात, तपकिरी, ओढली की वरची साल हातात येते आणि वास येतो, तो पिथियम, म्हणजे मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव. खालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजा, तुम्ही 1.4 चं पाणी देताय आणि बाहेर 3 येतंय तर क्षार साठलेत, साध्या पाण्याने धुवा, मातीत पीएच 6 ते 6.8 च्या आत आणा. दुसरं म्हणजे ब्रॉड माइट. आपल्याकडे मिरचीवर चुरडा-मुरडा आणतो तोच पिवळा कोळी, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, 60 एक्सची लूप (छोटं भिंग) घेऊन शेंड्याच्या कोवळ्या पानाची खालची बाजू बघा, पांढरे ठिपके असलेली पारदर्शक अंडी दिसली की प्रश्न मिटला. नवीन पानं पिळवटलेली आणि ओली असल्यासारखी चमकत असतील तर खत वाढवण्याआधी लूप उचला, लोक नेमकं उलटं करतात आणि कॅल-मॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खत) ओतत बसतात.

हे सगळं ठीक असेल तर मग व्हायरॉइडची पीसीआर टेस्ट, म्हणजे लॅबमध्ये त्याचा आरएनए शोधणारी तपासणी, करा. नमुना मुळांचा द्या, कारण पानांत तो सगळीकडे सारखा नसतो आणि एक पान निगेटिव्ह आलं म्हणून झाड स्वच्छ ठरत नाही. एकदा निगेटिव्ह आलं तरी काही आठवड्यांनी परत करा, नवीन लागण लगेच सापडत नाही.

आणि कात्री! हे मला अगदी हात जोडून सांगायचंय. तो पसरतो मुख्यतः रसातून, म्हणजे कात्रीवरून, ब्लेडवरून, हातमोज्यांवरून. अल्कोहोलने पुसलेली कात्री बुरशी-बॅक्टेरियासाठी ठीक, व्हायरॉइडला त्याने काही होत नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज ताजं करायचं, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री त्यात मिनिटभर बुडवायची. दोन-तीन कात्र्या ठेवल्या की एक भिजत असताना दुसरी चालते. ब्लीचने लोखंड गंजतं, गंजू दे, कात्री मदरपेक्षा स्वस्त आहे. मित्राकडून कटिंग आणलं की ते थेट टेंटमध्ये नाही, टेस्ट होईपर्यंत वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या कात्रीवर.

पॉझिटिव्ह आलं तर काय, हे विचारताना लोकांचा चेहरा पडतो, कारण ती व्हरायटी आता कुठे मिळत नाही असं बरेचदा असतं. उसाचं बेणं 54 अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेत ठेवून गवताळ वाढ आटोक्यात आणतात तसं इथे चालत नाही, व्हायरॉइड उष्णतेला दाद देत नाही. शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरहून छोटा कोंब काढून टिश्यू कल्चर करणं हा एक मार्ग आहे, हॉप्सवाले त्याआधी झाडं काही महिने थंडीत ठेवतात, पण त्यातूनही प्रत्येक रोप स्वच्छ निघतंच असं नाही, परत टेस्ट करावीच लागते आणि खर्च घरगुती माणसाला झेपणारा नाही. त्यामुळे चार झाडंवाल्यांना मी स्पष्ट सांगते, झाड मुळासकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नको, माती त्याच्याबरोबर, कुंडी-ट्रे-टेंटच्या भिंती ब्लीचने धुवायच्या, आणि उरलेली तीनही झाडं टेस्ट करायची, दिसायला कितीही छान असली तरी.