मलावीला दुधाचे डबे पाठवायचे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सुगीच्या सणाच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो: "आफ्रिकेतल्या मलावीतल्या मिशन दवाखान्यात बाळंतिणींचे फार हाल असतात म्हणे. भगिनी मंडळातर्फे बाळांसाठी दूध पावडर पाठवू का?"

कृपा करून पाठवू नका. देणाऱ्याचं मन खरं असतं, म्हणूनच कारण नीट सांगायला हवं.

फक्त वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत साधारण 20 किलो पावडर लागते. म्हणजे 400 ग्रॅमचा डबा जेमतेम चार दिवसांचा. पोट पावडरने भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि ओढलं नाही की आईचं दूध आटत जातं. डबे संपत येतात तेव्हा तिच्याकडे स्वतःचंही पुरेसं उरलेलं नसतं. मग उरलेली पावडर पुरवण्यासाठी ती पाणी वाढवते. शिवाय पावडर निर्जंतुक नसते. ती किमान 70 अंशांच्या पाण्यात कालवावी लागते आणि कालवलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं. हातपंपावरून डोक्यावर पाणी आणायचं आणि सरपणावर उकळायचं, अशा घरात रात्रीतून तीनदा हे कोण करणार? बाळाला हगवण लागते, आणि अशक्त बाळ त्यातच जातं. आपल्याकडेही 1992 च्या कायद्याने असे डबे दान करायला बंदी आहे, अपवाद अनाथालयांचा.

मुंबईकरांना हे पटायला हवं. आईच्या दुधाची किंमत ओळखूनच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सायनच्या रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली.

आईच दगावली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पावडर लागू शकते. पण ती दवाखान्याने ठरवावी, तिथेच विकत घ्यावी, दर आठवड्याला बाळाचं वजन करून मोजून द्यावी आणि सांभाळणाऱ्या आजीला वाटीने पाजायला शिकवावं. बाटली नको, तिचं निपल आणि तळ नीट धुतले जात नाहीत. आपलं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, याच कामाचं.

मग द्यायचं काय? आईचं जेवण. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे 500 कॅलरी जास्त लागतात. मलावीत त्यासाठी मक्याचं पीठ, शेंगदाणे, घेवडा आणि तळ्यातली सुकी मासळी मिळते. मुंबईहून काही न्यायची गरज नाही. सर्वांत जास्त उपयोग होतो तो दवाखान्याजवळच्या गरोदर बायकांच्या निवाऱ्याला. लांबच्या गावची बाई दिवस भरत आले की तिथे येऊन राहते, सोबत आई किंवा सासू असते, आणि स्वयंपाक त्यांचा त्यांनीच करायचा असतो. आणलेलं पीठ संपलं की बाई घरी परत जाते. मग भर पावसात, रात्री, रस्ता वाहून गेलेला असताना कळा सुरू होतात. पिठाची एक गोणी आणि सरपणाची मोळी तिला तिथे थांबवून ठेवते. हे अन्न देताना तिचा पंथ विचारायचा नाही. प्रभूने भुकेल्यांना जेवू घातलं तेव्हा त्यानेही विचारला नव्हता.

वेळही पाहा. तिथे मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो आणि तेव्हाच स्वस्त असतो. जानेवारी-फेब्रुवारीत घरची कणगी रिकामी आणि भाव चढलेला. म्हणून सुगीच्या सणाला चर्चमध्ये जमलेल्या दानाचे पैसे मेपर्यंत तिथे पोहोचतील असं पाहा, म्हणजे दवाखाना पुढच्या टंचाईसाठी आधीच साठा करू शकेल.

छोट्या छोट्या रकमा वेगवेगळ्या पाठवू नका, बँकेचं शुल्क त्यातला मोठा वाटा खातं. बँक पॅन आणि रक्कम पाठवण्याचं कारण मागेल. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही. पैसे ट्रस्टच्या खात्यातून जाणार असतील तर आधी सीएला विचारा, कारण ट्रस्टने परदेशात केलेल्या खर्चाचे करनियम वेगळे आहेत.