'देश' म्हणजे गाव

ढाक्यात येऊन आता चार वर्षं होतील. इथं कुणाशीही ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "देशेर बाडी कोथाय?" देश म्हणजे इथं आपलं मूळ गाव. मी सुरुवातीला सरळ इंडिया सांगायचे तर म्हणायचे ते कळलं हो, पण गाव कुठलं? मग बीड सांगायला लागले.

रमजान ईदच्या आधी हे शहर रिकामं व्हायला लागतं. सदरघाटच्या, म्हणजे इथल्या नदीबंदरावरच्या, लाँचवर टपापर्यंत माणसं, आमच्या फॅक्टरीतल्या शिलाईच्या पोरी तर बोनस हातात पडला की त्याच रात्री निघतात. यंदा ईदच्या आदल्या दिवशी मला मिरपूरला जायचं होतं, कशीबशी एक रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला इथं मामाच म्हणतात. सहज विचारलं, मामा, देशी नाही गेलात?

"देश तो नाई, आपा. गांगे खाइसे."

गांग म्हणजे नदी. नदीनं खाल्लं.

मामा भोलाचा. मेघना समुद्राला मिळते तिथलं ते मोठं बेट. घर चारदा हलवलं म्हणे, काठ कोसळत कोसळत जवळ आला की पत्रे उतरवायचे, दाराची चौकट काढायची, खांब उपटायचे आणि सगळं होडीत घालून मागं सरकायचं, पाचव्यांदा सरकायला जागाच उरली नाही तेव्हा तेच पत्रे विकून सगळ्यांची लाँचची तिकिटं काढली. बापाची कबरही गेली. हे सांगताना त्याचे पाय पायडलवर चालूच होते आणि मला मागं बसून काय बोलावं ते सुचेना.

मिरपूरमध्ये भोला बस्ती नावाची झोपडपट्टीच आहे, नावावरूनच कळतं माणसं कुठली ते. नदी पूर्वीही काठ खायची, पण आता समुद्र वर चढतोय, पाऊस एकदम कोसळतो, वादळांचा जोर वाढलाय. तिकडं खुलना-सातखीराकडं तर 2009 च्या आयला वादळात बांध फुटले आणि खारं पाणी शेतात शिरून बसलं. जिथं भात व्हायचा तिथं कोळंबीची तळी, आणि कोळंबीला भाताएवढे मजूर लागतच नाहीत, मग हातावर पोट असलेल्यानं जायचं कुठं? वर्ल्ड बँकेच्या 2021 च्या अहवालात 2050 पर्यंत बांगलादेशात 1.99 कोटी लोकांना असं देशातल्या देशात हलावं लागू शकतं असा अंदाज आहे. आपल्याकडं बातम्यांत फक्त बॉर्डर दिसते हो, पण ही माणसं बहुतेक ढाक्यालाच येतात.

मला आमच्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवत राहिल्या. त्यांचे हाल काही कमी नाहीत, पण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ती माणसं गावाकडं वळतात. दुष्काळात रान भेगाळतं, पण जागेवर असतं ना.

उतरताना मामानं विचारलं, तुमचं घर आहे का अजून? आहे म्हटलं. कोण असतं? आई असते.

"मग जाऊन या आपा," म्हणाला, आणि ईदची बक्षिशी कपाळाला लावून रिक्षा वळवली.