थेसिजरची सुई

हाताच्या दुखापतीनंतर आमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात येणारे पुरुष पुट्टी (व्यायामाचा मऊ गोळा) मळतात, स्पंज दाबतात, खुंट्या उचलतात. सुईदोरा पुढे केला की मात्र हात मागे जातो. त्या दिवशी समोर एक सुतार होते. करवतीने दोन बोटांचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) तुटलेले, शस्त्रक्रियेने जोडलेले. सर्जननी आता हलक्या कामाची परवानगी दिली होती. चिमटीची पकड परत आणायला जाड कापडावर लोकरीचे टाके घालण्यासारखा व्यायाम नाही, असं माझं ठाम मत आहे.

"मॅडम, हे बायकांचं काम. दुसरं काहीतरी द्या."

मी फोनवर १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या भयपटातला एक प्रसंग लावला. डॉ. प्रिटोरियस काचेच्या बरण्यांत ठेवलेली इवलीशी माणसं दाखवतो, तो. म्हटलं, "याचे हात बघा."

ते हात प्रिटोरियस साकारणाऱ्या अर्नेस्ट थेसिजरचे. जन्म १८७९, लंडन. आजोबा पहिले बॅरन चेम्सफर्ड, ब्रिटनचे लॉर्ड चान्सलर. हा आठवड्याचा असताना याच्या काकांच्या हाताखालच्या फौजेचा दक्षिण आफ्रिकेत झुलूंनी इसांडल्वानाला धुव्वा उडवला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधले व्हाइसरॉय चेम्सफर्ड हे याचे चुलत भाऊ. अशा घरातला हा मुलगा लंडनच्या स्लेड या कलाशाळेत चित्रकला शिकला, मग नाटकात शिरला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पस्तिशीत साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि आघाडीवर स्फोटात हात जखमी होऊन परतला. भरतकाम त्याच्या आवडीचं. ते त्याने कधी लपवलं नाही, त्यावर पुस्तकही लिहिलं.

पुढे तो नायक झाला नाही, पण शॉच्या 'सेंट जोन' नाटकाच्या १९२४ च्या लंडनमधल्या प्रयोगात जोन झालेल्या सिबिल थॉर्नडाइकसमोर डोफँ (फ्रान्सचा युवराज) झाला. प्रिटोरियसपेक्षा मला त्या भूमिकेचं मोल जास्त वाटतं. मुकुटाच्या ओझ्याखाली दबलेला, चिडका, भेदरलेला राजपुत्र उभा करायला उमराव घराणं आतून पाहिलेला नटच हवा.

सुतारांनी क्लिप पुन्हा लावली. मग म्हणाले, "लॉर्डाच्या घरचा माणूस. त्याला कोण हसणार? आमच्यात हसतात."

हा आक्षेप खरा होता. घराण्याचा आधार असला की लोकांची पर्वा न करणं सोपं जातं. म्हणून मी थेसिजरला बाजूला ठेवलं आणि इतर सैनिकांबद्दल सांगितलं. १९१८ मध्ये अपंग सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योग उभा राहिला, थेसिजर त्याचा खंदा पुरस्कर्ता होता. तिथे टाके घालणारे सैनिक काही लॉर्ड नव्हते, त्यांना त्यातून रोजी मिळत होती. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसाठी शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी मिळून वेदीवस्त्र (चर्चच्या वेदीवर घालायचं कापड) भरलं. एकेकाचा तुकडा रुग्णालयातल्या खाटेवर तयार झाला.

"पैसे मिळायचे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांनी सुई उचलली. ती बोटांतून दोनदा निसटली, तेव्हा मी जाड नेढ्याची दिली आणि मनगटाखाली उशी ठेवली. टाके वाकडे येत होते, तर्जनी पुरती वळत नव्हती, पण अंगठा मात्र बरोबर जागेवर येत होता. उपचाराच्या नोंदीत मी पुट्टीची वेळ निम्मी केली, टाके वाढवले. रात्री बोटं स्थिर ठेवणारा स्प्लिंट तसाच ठेवला. निघताना त्यांनी कापड घरी न्यायला मागितलं. तसं आम्ही देत नाही, त्यांना दिलं.